टेप संपल्यानंतरचं रेकॉर्डिंग

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या पोकुआ आत्याने हे मला भर दुपारी, भेंडी चिरता चिरता सांगितलं. आणि सांगताना तिच्या हातातली सुरी मधेच थांबत होती.

आत्या खोटं बोलणाऱ्यातली नाही. भुताखेतांवर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता.

नव्हता, म्हणते मी.

गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात. घानात, कुमासीहून बोसोम्त्वे तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एवढंच पुरे.

आत्याचं दुकान कुमासीत, असाफो भागात. जुन्या व्हिडिओ टेप संगणकात उतरवून द्यायचं काम. लग्नं, बारशी, चर्चचे कार्यक्रम… आणि सगळ्यात जास्त, अंत्यविधी. आमच्याकडे माणूस गेलं की थाटात निरोप देतात, आणि त्या थाटाचं चित्रीकरण घराघरात कपाटात पडून असतं. टेपना बुरशी लागायला लागली की लोकांना आत्या आठवते.

हरमटानचे दिवस होते. कोरडा वारा, सगळीकडे धूळ, ओठ फुटलेले. मंगळवारची सकाळ. एक म्हातारा दुकानात आला. उंच, ताठ, खांद्यावर काळं कापड.

"मी ओपानिन एन्टिम," तो म्हणाला. ओपानिन म्हणजे घरातला वडीलधारा. "ही माझ्या बहिणीच्या अंत्यविधीची टेप. टिवाची. यंदा तिचं मोठं वर्षश्राद्ध करतोय. मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे."

"मिळेल, ओपानिन. शुक्रवारी या."

"नीट कर हं, पोरी. जेवढं आहे तेवढंच. जास्तीचं काही नको."

आत्याला हसू आलं. टेपमध्ये जे नाही ते ती कुठून आणणार होती?

तो गेला आणि आत्या कामाला लागली.

तिचं काम सोपं. एका बाजूला टेप प्लेअर, दुसऱ्या बाजूला संगणक, मधे एक छोटी डबी. टेप चालू केली की चित्र डबीतून संगणकात येतं. फक्त आधी एक गोष्ट करायची. रेकॉर्ड झालेलं कुठे साठवायचं, ते सॉफ्टवेअरला सांगायचं. आत्याच्या संगणकाची मुख्य डिस्क काठोकाठ भरलेली. तिथे जागा संपली की रेकॉर्डिंग अर्ध्यात तुटतं. म्हणून ती दर गिऱ्हाइकाला दुसऱ्या डिस्कवर नवं फोल्डर करायची आणि सेटिंगमध्ये जाऊन ते निवडायची.

तिने फोल्डर केलं. नाव दिलं, टिवा.

सेटिंग उघडली. फोल्डर निवडलं. चौकटीत पत्ता नीट दिसला. ठीक आहे म्हटलं, आणि टेप चालू केली.

पडद्यावर एक खोली. पितळी पलंग. पलंगावर एनो टिवा. गावात तिला सगळे एनोच म्हणायचे, म्हणजे आई. अंगावर रंगीत विणीचं केन्टे कापड, गळ्यात सोन्याचे मणी, हात पोटावर ठेवलेले. झोपल्यासारखी. लाल-काळ्या कपड्यांतली माणसं एकेक करून येत होती, वाकून बघत होती, जात होती.

आत्याने असल्या टेप शेकड्याने पाहिल्या होत्या. ती उठून शेजारी गेली. शेजारी डेडेचं केस विंचरायचं दुकान.

"आलीस? आज कोणाला पुरतेयस?" डेडेने विचारलं.

"गप बाई. जरा भाजलेली केळी दे."

"मेलेल्यांच्या जिवावर जगतेस, आणि केळी माझी खातेस!"

दोघी हसल्या. गप्पा लांबल्या.

आत्या परत आली तेव्हा टेप संपून आपोआप मागे गुंडाळली गेली होती. पण रेकॉर्डिंग चालूच होतं. तिने ते थांबवलं. टिवाचं फोल्डर उघडलं.

रिकामं.

पुन्हा उघडलं.

रिकामंच.

आत्या वैतागली. सेटिंगमध्ये गेली. तिथल्या चौकटीत पत्ता बदललेला होता. डिस्क तीच. पण शेवटचं नाव टिवा नव्हतं…

फोसुआ.

तिने असं फोल्डर केलं नव्हतं. या नावाचं गिऱ्हाईकही तिला कधी नव्हतं. पण डिस्कवर ते फोल्डर होतं. आणि त्यात एकच फाइल.

तिने ती पुढे पुढे सरकवत पाहिली. खोली. अंगण. ढोल. दफनभूमी. मग टेप संपते तिथला निळा पडदा.

निळा… निळा…

आणि मग परत खोली.

तीच खोली. तोच पितळी पलंग. चादरीवर माणसाच्या अंगाचा खळगा.

पण पलंगावर कोणी नव्हतं.

आत्याला वाटलं, कॅमेरावाला कॅमेरा तसाच उभा ठेवून गेला असेल, प्रेत शवपेटीत हलवलं असेल. होतं असं. पण मग हे टेपच्या शेवटी कसं?

तेवढ्यात आवाज आला.

ठक… ठक ठक…

दार वाजत होतं. टेपमधलं दार. बाहेरून.

मग एका मुलीचा आवाज. रडून बसलेला.

"एनो… दार उघड ना. एकदाच बघू दे मला…"

आत्याने फाइल बंद केली. टेप काढली, उलटसुलट करून पाहिली, परत घातली आणि थेट शेवटापर्यंत नेली. टेपवर निळ्याच्या पुढे काही नव्हतं. कोरी.

तिने भाच्याला फोन लावला. तो अक्राला संगणकाच्या दुकानात असतो.

"मावशी, तू झोपेत क्लिक केलंस," तो हसला. "ते फोल्डर उडव. सॉफ्टवेअर बंद करून परत चालू कर. पत्ता नव्याने दे."

तिने तसंच केलं. फोसुआ नावाचं फोल्डर पुसलं. सेटिंगमध्ये टिवा निवडलं. या वेळी ती जागची हलली नाही. टेप सुरू झाल्यावरही मधूनमधून सेटिंग उघडून बघत राहिली.

टिवा. टिवा. टिवा.

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजला. तिने क्षणभर मान वळवली.

फोसुआ.

तिने दुसरी डिस्कच काढून टाकली. पेन ड्राइव्ह लावला, साठवायची जागा म्हणून तो निवडला. कोरा पेन ड्राइव्ह, नुकताच पाकिटातून काढलेला.

टेप संपली. तिने पेन ड्राइव्ह उघडला.

आत एकच फोल्डर होतं. नाव सांगायला नकोच.

तिने फाइल शेवटाला नेली. निळा पडदा. खोली. रिकामा पलंग. ठक ठक.

"एनो… दार उघड ना…"

मघाशी आत्याने फक्त पलंगाकडे पाहिलं होतं. आता तिची नजर चित्राच्या डाव्या कडेला गेली. तिथे दाराची चौकट अर्धीच दिसत होती.

आणि दाराजवळ केन्टेची किनार.

एक खांदा. सोन्याचे मणी. एक हात, कडीवर.

एनो टिवा दाराशी उभी होती.

ती कडी हलवत होती. पुन्हा पुन्हा हलवत होती. दार उघडत नव्हतं. ते बाहेरून लावलेलं होतं.

आत्याने टेप काढली. प्लेअरची वायर उपटली. डबीचीही उपटली.

पडद्यावर नवं रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं होतं. सेकंद पुढे पळत होते…

आत्या धावत डेडेकडे गेली. डेडेने तिचं तोंड पाहिलं आणि हातातला कंगवा खाली ठेवला. त्या दिवशी तिने एकही चेष्टा केली नाही.

शुक्रवारी ओपानिन एन्टिम आला. बरोबर त्याची मुलगी होती, अफ्राकोमा. शाळेत शिक्षिका, शांत बाई.

"झालं का काम?"

"ओपानिन, एक विचारू? फोसुआ कोण?"

म्हाताऱ्याचा चेहरा पाहून आत्याला वाटलं, हा आता पडतो.

"हे नाव तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. संगणकात आलं."

"संगणकात आलं!" तो ओरडला. "पुसून टाक. टेप दे इकडे. त्या नावाचं काहीही शिल्लक ठेवू नकोस, कळलं?"

टेप हिसकावून तो रस्त्यावर गेला. अफ्राकोमा मागे रेंगाळली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काय पाहिलंत?"

आत्याने सांगितलं. सगळं. अफ्राकोमा खुर्चीत बसली आणि सांगायला लागली.

फोसुआ ही टिवाची मुलगी. अफ्राकोमाची आत्येबहीण. टिवा अचानक गेली. सकाळी शेतातून आली, पाणी मागितलं, संपली. घरात कुजबुज सुरू झाली. आणि एन्टिमने, सख्ख्या मामाने, भर अंगणात बोट दाखवलं. या पोरीनेच आईला खाल्लं. ही चेटकीण आहे.

"का?" आत्याने विचारलं.

"ती झोपेत बोलायची. आणि माझी टिवा आत्या गेली त्याच्या आदल्या दिवशी दोघींचं भांडण झालं होतं. एवढं पुरलं, ताई." अफ्राकोमाने डोळे पुसले. "शेवटचं तोंड बघायला ती खोलीपर्यंत आली. बाबांनी दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. आम्ही सगळे बघत होतो. कोणी काही बोललं नाही. ती तिथे उंबऱ्याशी बसून दार वाजवत राहिली. मग तिला उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवून दिलं."

"आता कुठे आहे?"

"जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही."

मग ती म्हणाली, "वर्षश्राद्धाला मला ती फिल्म हवीच आहे. लोक येणार आहेत. पण फक्त टेप आहे तेवढीच. ते… शेवटचं नको."

आत्याने अफ्राकोमाच्या देखत फाइल कापली. निळ्या पडद्याच्या आधी. दुसरी डिस्क परत लावून कापलेली फाइल टिवाच्या फोल्डरमध्ये साठवली. या वेळी ती मुकाट्याने तिथेच गेली. दोघींनी शेवटापर्यंत पाहिली. दफनभूमी आणि मग काळा पडदा. बस.

वर्षश्राद्ध शनिवारी सकाळी होतं. एन्टिमच्या घरच्या अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल-काळे कपडे, मोठाल्या पातेल्यांतून जेवणाचा वास. फिल्म चालवायला आत्या लॅपटॉप घेऊन आली होती. एन्टिम पहिल्या रांगेत बसला होता. त्याने आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फिल्म लागली. लोक हळहळले, जुनी माणसं ओळखून बोटं दाखवू लागले. "तो बघ तुझा बाप, किती बारीक होता!" कोणीतरी हसलं.

दफनभूमी आली. आत्या लॅपटॉप बंद करायला पुढे वाकली.

काळा पडदा…

निळा पडदा…

खोली.

आत्याने थांबवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शेवटी वायरच ओढली. पडदा विझला.

पण आवाज थांबला नाही.

ठक… ठक ठक…

आत्याने स्पीकरकडे पाहिलं. त्याचा दिवा विझलेला होता. माना एकेक करून वळायला लागल्या. आवाज पडद्याकडून येत नव्हता.

घरातून येत होता.

"उंदीर असतील," एन्टिम म्हणाला.

"बाबा," अफ्राकोमा उभी राहिली, "किल्ली द्या."

ती खोली टिवाला नेल्याच्या दिवसापासून बंदच होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली एन्टिमच्या कमरेला.

"बस खाली."

"किल्ली द्या, बाबा. त्या दिवशी मी बसले होते. आज नाही."

म्हाताऱ्याने तिला किल्ली दिली नाही. तो स्वतःच उठला. काठी टेकत घरात शिरला. मागोमाग अफ्राकोमा, आत्या आणि धीर झालेले चारदोन जण.

दारापाशी पोचले, तेव्हा आवाज थांबला होता.

एन्टिमने कुलूप काढलं. कडी सरकवली. दार आत ढकललं.

बंद खोलीचा वास. पितळी पलंग, काळवंडलेला, गादी नसलेला. जमिनीवर इतक्या वर्षांची धूळ, हरमटानची तांबूस धूळ, बोटभर जाड.

आणि दाराच्या आतल्या बाजूला, अगदी उंबऱ्याला लागून, दोन पावलांएवढी जागा…

स्वच्छ.

घासल्यासारखी. झिजल्यासारखी.

तिथपर्यंत जाणारं एकही पाऊल धुळीत उमटलेलं नव्हतं. तिथून परत जाणारंही नव्हतं.

एन्टिमच्या हातातली काठी खाली पडली. तो आत गेला, उघड्या पलंगाच्या पट्ट्यांवर बसला, आणि दाराकडे बघत राहिला. जेवायला बोलावलं, तो आला नाही. त्या रात्री तिथेच झोपला. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

त्या दिवसानंतर तो दुसरं काही करेना. खोलीत बसायचा. मधेच बोट वर करायचा.

"शू… ऐका. कोणीतरी दार वाजवतंय."

घरच्यांना काही ऐकू यायचं नाही. तो उठायचा, धडपडत जाऊन दार उघडायचा. बाहेर रिकामं. दार लावायचा, परत येऊन बसायचा. थोड्या वेळाने पुन्हा उठायचा. दिवसभर. म्हातारपणी गुडघे सुजले, तरी उठायचा. दार काढूनच टाकू म्हटलं, तर लहान मुलासारखा रडायचा. "मग ती वाजवणार कशावर?"

इकडे अफ्राकोमाने उत्तरेकडच्या रेडिओवर निवेदनं द्यायला सुरुवात केली. फोसुआ, टिवाची मुलगी, हिने घरी यावं. तिच्यावर कोणाचा राग नाही. आत्याला ते शेवटचं वाक्य आवडलं नाही. "राग तिला असायला हवा, तुम्हाला कसला?" ती म्हणाली. अफ्राकोमाने निवेदन बदललं. फोसुआ, आम्हाला माफ कर, असं केलं.

पावसाळा सुरू झाला होता. अफ्राकोमाचा फोन आला. "ताई, सापडली. उत्तरेत, तमालेच्या बाजारात तांदूळ विकते. येते म्हणालीय. तुम्ही याल ना? मला एकटीला धीर नाही."

आत्या गेली.

फोसुआ दुपारी आली. अंगाने भरलेली बाई, कपाळावर आठ्या, हातात एकच पिशवी. अंगणात सगळे उभे राहिले. कोणी पुढे यायची हिंमत केली नाही. ती सरळ घरात शिरली, त्या खोलीपाशी गेली. दार लावलेलं होतं. आत मामा होता.

तिने दार वाजवलं.

ठक… ठक ठक…

अंगणापर्यंत ऐकू गेलं. शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

आतून कोणी उठलं नाही.

तिने पुन्हा वाजवलं. शेवटी अफ्राकोमाने पुढे होऊन दार ढकललं. एन्टिम पलंगावर बसला होता. दाराकडेच बघत होता.

"मामा," फोसुआ म्हणाली. "मी आलेय."

तो तिच्या आरपार बघत राहिला. मग मान तिरकी करून म्हणाला, "शू… बाहेर कोणी आहे का गं?"

बायका रडायला लागल्या. फोसुआ रडली नाही. तिने मामाकडे पाठ फिरवली आणि दाराकडे वळली. दाराच्या आतल्या बाजूकडे. तिथे, कडीच्या जरा खाली, तिने तळवा टेकवला.

तिचा चेहरा बदलला.

"ताई," तिने आत्याला खुणेने बोलावलं. "इथे हात लावा."

आत्याने लावला.

ती खोली घराच्या आत आहे, तिथे ऊन येत नाही. बाहेर पाऊस पडत होता. बाकीचं सगळं दार थंडगार होतं, ओल धरलेलं. पण त्या एका जागी, बाईमाणसाच्या तळव्याएवढ्या जागेत, लाकूड गरम होतं.

कोणीतरी नुकताच हात काढल्यासारखं.

आत्याने झटकन हात मागे घेतला. फोसुआने नाही घेतला. तिने कपाळ दाराला टेकवलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. सगळे बाहेर सरकले. आत्या मात्र तिच्या शेजारीच राहिली.

आणि तिला श्वास ऐकू येत होते, दोन. अगदी जवळून. एक फोसुआचा, हुंदके आवरणारा. दुसरा संथ, जड, म्हाताऱ्या बाईचा असतो तसा.

"अगं, तो दुसरा तुझाच असेल," मी आत्याला म्हटलं. "नाहीतर त्या म्हाताऱ्याचा."

"म्हातारा खोलीच्या त्या टोकाला होता," आत्या म्हणाली.

तिने सुरी खाली ठेवली.

"आणि मी तर श्वास रोखून धरला होता."